न उघडणारी सीडी रिकामी नसते

लग्न, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन यांचं चित्रण सीडी-डीव्हीडीवर जपून ठेवण्याची पद्धत एके काळी घरोघरी होती. आज त्यातली एखादी तबकडी ड्राइव्हमध्ये घातली, की ती नुसती घरघरते आणि फाइल वाचता येत नाही, असा संदेश येतो. बहुतेक जण इथेच हात टेकतात. पण फाइल उघडत नाही म्हणजे ती पुसली गेली, असं नव्हे. तबकडीवरची माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत असते; हजारो सेक्टरांपैकी मोजकेच बिघडले, तरी संगणक अख्खी फाइल नाकारतो. उरलेला मजकूर तबकडीवर शाबूत असतो.

सीडी ही पॉलिकार्बोनेटची १.२ मिलिमीटर जाडीची चकती. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते. तिच्या दोन वेढ्यांत अंतर १.६ मायक्रॉन आणि एकूण लांबी पाच किलोमीटरहून अधिक. ‘राइट’ करताना लेझर रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो; वाचताना परावर्तित प्रकाशातल्या फरकावरून त्या ओळखल्या जातात. लेखनाचा वेग फार ठेवला किंवा तबकडी हलक्या प्रतीची असली, तर खुणा अस्पष्ट उमटतात. ऊन आणि उष्णता रंगद्रव्य आणखी खराब करतात.

तरीही बारीकसारीक चरे सीडी सहज पचवते. याचं श्रेय आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिताला जातं. माहितीसोबत तपासणीचे जादा बाइट लिहिले जातात आणि शेजारचे बाइट वाटेवर दूरदूर पेरले जातात. त्यामुळे एका ठिकाणी सुमारे अडीच मिलिमीटर वाट खराब झाली, तरी मूळ बाइट हिशेबाने परत मिळतात. म्हणूनच मधून कडेकडे गेलेला सरळ चरा फारसा बाधत नाही, पण वाटेच्या दिशेने गोल गेलेला चरा घातक ठरतो. तबकडी पुसायची तीही मधून कडेकडे, सरळ रेषेत, मऊ ओल्या कापडाने. गोल फिरवून कधीच नाही.

चरा चकचकीत बाजूला असेल, तर पॉलिश करून तो घालवता येतो. सीडीची खरी नाजूक बाजू मात्र लेबलची. माहितीचा थर तिथे लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो. तो खरवडला गेला, की त्या जागची माहिती कायमची गेली. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

फाइल काढताना ती पुन्हा पुन्हा उघडत बसू नये. आधी संपूर्ण तबकडीची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घ्यावी. ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्राम पहिल्या फेरीत सहज वाचता येणारे भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर फक्त त्या जागांवर पुन्हा प्रयत्न करतो. एका ड्राइव्हला न जमलेले सेक्टर दुसऱ्याला वाचता येतात; नोंद जपलेली असल्याने काम तिथूनच पुढे सुरू होतं. सीडीवरच्या डेटा-सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती असते. असे थोडे सेक्टर हुकले, तर चित्रणात क्षणभर चौकोन दिसतात, एवढंच. फोटोचा मात्र उरलेला भाग बिघडू शकतो आणि झिप फाइल अडून बसू शकते.

लेखन अर्धवट तुटलं असेल, तर तबकडीची अनुक्रमणिकाच लिहिली गेलेली नसते आणि ती रिकामी दिसते. अशी तबकडी शक्यतो ज्या ड्राइव्हवर लिहिली त्याच ड्राइव्हवर वाचून पाहावी. ‘फोटोरेक’सारखे प्रोग्राम फाइलचं नाव न पाहता तिची सुरुवातीची खूण शोधतात; उदाहरणार्थ, जेपेग फोटोची सुरुवात ‘एफएफ डी८ एफएफ’ अशी ठरलेली असते.

या सगळ्यापेक्षा सोपा उपाय वेळेवर केलेली प्रत हाच. रंगद्रव्य कपाटात बसूनही खराब होतं आणि बहुतेक नव्या लॅपटॉपांत तर ड्राइव्हच नसतो. ज्या तबकड्या आज वाचता येतात, त्यांच्या दोन प्रती याच आठवड्यात हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.