दुकानदारास स्वस्त देणें कसें परवडतें?

ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या दुकानांत संगणकाचें अँटिव्हायरस पुष्कळदां खुद्द कंपनीपेक्षां स्वस्त मिळतें. आणि मग घरचीं वडील मंडळी त्यास चोरीचा माल समजतात. हा संशय आम्हांस सरसकट योग्य वाटत नाहीं. पुण्याच्या काटकर बंधूंचें क्विक हीलच घ्या. तें गांवोगांवच्या दुकानदारांकरवीं विकलें जातें. वेष्टनावरील किंमत ही कायद्यानें कमाल मर्यादा. तीहून कमी घेण्यास मनाई नाहीं. दुकानदार घाऊक दरानें माल उचलतो आणि नफ्यांतील कांहीं भाग सोडून गिऱ्हाईक जोडतो. पुढील दुरुस्ती त्याच्याचकडे येते ना! कंपनीनें स्वतःच भाव उतरविला, तर हेच दुकानदार दुरावतील. पावती व न फोडलेलें वेष्टन मात्र मागून घ्यावें. एकच क्रमांक चौघांस विकणारेही भेटतात.