बर्फ पेलायची सवय नसलेलं रान
लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण दहिवराने करपणाऱ्या कोवळ्या अंकुरांबद्दल बोललो. या वेळी बर्फ. हिमालयात किंवा नॉर्वेत दर हिवाळ्यात पडणारा नव्हे, तर पिढीतून एखाद्याच वेळी येणारा.

जानेवारी २०२१मध्ये स्पेनवर ‘फिलोमेना’ नावाचं वादळ आलं. माद्रिद आणि आसपासच्या भागात ८ आणि ९ तारखेला एवढा बर्फ पडला, की तसा १९७१नंतर पडलाच नव्हता. कित्येक ठिकाणी तो अर्ध्या मीटरपर्यंत साचला. रस्ते, विमानतळ, शाळा सगळं ठप्प झालं. या बातम्या जगभर पोहोचल्या, झाडांची मात्र फारशी पोहोचली नाही. एकट्या माद्रिद शहरात सुमारे ८ लाख झाडांना इजा झाल्याचा अंदाज नगरपालिकेने मांडला होता. शहराच्या पश्चिमेला ‘कासा दे कांपो’ हे प्रचंड वनउद्यान आहे. तिथल्या पाइन आणि सदाहरित ओकच्या फांद्या ठिकठिकाणी मोडून पडल्या.

एवढी पडझड का व्हावी? थोडा हिशेब करू. दहा मीटर रुंद पसरलेल्या झाडाखाली जवळपास ७८ चौरस मीटर जमीन येते. ताज्या, भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला १०० किलो धरलं, तर तेवढ्या जागेवर अर्धा मीटर बर्फ म्हणजे जवळपास चार टन. त्यातला निम्मा खाली घसरला तरी दोन टन फांद्यांवर राहतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फ ओलसर असतो. तो जास्त जड असतो आणि पानांना चिकटून बसतो.

उत्तरेकडच्या स्प्रूस आणि फर वृक्षांचा घेर अरुंद असतो, फांद्या खाली झुकलेल्या असतात. त्यामुळे बर्फ घसरून जातो. भूमध्य प्रदेशातल्या छत्री पाइनचा माथा रुंद आणि सपाट पसरलेला असतो. तिथे बर्फाला बसायला आयतं ताट मिळतं. सदाहरित ओकला स्पेनमध्ये ‘एन्सिना’ म्हणतात. त्याची पानं लहान आणि चिवट असली, तरी दाट असतात आणि भर हिवाळ्यातही झाडावरच असतात. शेजारचे पानझडी वृक्ष मात्र तेव्हा उघडे असतात. बर्फ त्यांच्या फांद्यांमधून सरळ खाली जातो. पानं न गाळणं हा कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखात टिकून राहण्याचा उत्तम मार्ग आहे, पण त्या दोन दिवसांत तोच महागात पडला.

मोडल्यानंतरचं नशीबही सारखं नसतं. एन्सिना बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फुटू शकते, छत्री पाइनला ती सोय नाही. फांदी मोडताना खोडाची साल सोलून निघाली, तर त्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि झाड काही वर्षांनी मरतं.

बर्फाखालची गोष्ट अगदी वेगळी आहे. वादळामागून कडाक्याची थंडी आली. तेरुएल प्रांतातल्या बेल्यो गावात १२ जानेवारीला उणे २५.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. पण बर्फात हवा अडकलेली असते, आणि त्याचा वीत-दीड वीत थर असला की त्याखालच्या जमिनीचं तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. रोपं, बिया, बिळातले उंदीर त्या पांघरुणाखाली तगून राहतात.

खरा घात होतो तो वर राहणाऱ्यांचा. रेनसारखा जेमतेम दहा ग्रॅमचा कीटकभक्षी पक्षी एक-दोन दिवसही उपाशी काढू शकत नाही. ब्रिटनमध्ये १९६२-६३च्या दीर्घ हिवाळ्यात रेन आणि खंड्या यांची संख्या फार घसरली होती. हरणांचं संकट निराळं. बर्फाच्या वरच्या थराचं रात्री कवच बनतं. ते लांडग्याच्या रुंद पंजाला पेलतं, पण हरणाच्या टोकदार खुराखाली फुटतं. दर पावलाला पाय आत रुतत गेला, की पळण्यातच त्याची शक्ती संपते.

पडलेल्या लाकडाचं काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे. सगळं उचलून रान लख्ख करू नये. कुजणाऱ्या ओंडक्यांवर कीटक, बुरशी आणि त्यांच्यावर जगणारे सुतारपक्षी पोसले जातात. फांद्या तुटून पडलेल्या उजेडात नवी रोपं वर येतात. मात्र पाइनच्या ताज्या मोडलेल्या लाकडात सालकिडे अंडी घालतात, आणि त्यांची पिलावळ वसंतानंतर धडधाकट झाडांवर चढते. शिवाय भूमध्य उन्हाळ्यात वाळलेल्या फांद्या वणव्याला खाद्य पुरवतात. म्हणून पाइनचं लाकूड वेळेत हलवावं, ओकचं पुष्कळसं तिथेच राहू द्यावं.

हे सालकिडे नेमकं काय करतात, ते पुढच्या लेखांकात पाहू.