मागणीपत्राचे पहिले पान

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या विभागाला उपकरण, रसायने, पुस्तके किंवा संगणक विकत घ्यावयाचे असतील तर त्यासाठी विभागाने जी लेखी मागणी सादर करावयाची असते तिला मागणीपत्र किंवा रूढ भाषेत इंडेंट म्हणतात, आणि तो खर्च करण्याचा अधिकार ज्याला दिलेला आहे त्याने दिलेल्या लेखी संमतीला मंजुरी म्हणतात. मागणी आणि मंजुरी यांच्या दरम्यान नस्तीचा, म्हणजे फाइलचा, जो प्रवास होतो त्याकडे विद्यार्थी, पालक आणि पुष्कळदा प्राध्यापकही निव्वळ कारकुनी काम म्हणून पाहतात. परंतु प्रयोगशाळेत कोणती वस्तू येणार, ती केव्हा येणार आणि ती खरोखर उपयोगी पडणार की नाही हे याच प्रवासात, आणि त्यातही त्याच्या पहिल्या टप्प्यावर, ठरत असते.

पनवेल तालुक्यात माथेरानच्या डोंगररांगेच्या दिशेला असलेले नेरे हे गाव कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. या गावापासून विज्ञानाच्या पदवीचे जवळचे ठिकाण म्हणजे पनवेल आणि नवीन पनवेल येथील महाविद्यालये होत. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय हे त्यांपैकी एक असून ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे. अशा महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला एक विश्लेषणात्मक इलेक्ट्रॉनिक तराजू हवा आहे असे उदाहरणादाखल मानले, तर खरेदीच्या प्रक्रियेचे बहुतेक सर्व टप्पे त्या एका वस्तूच्या आधारे समजून घेता येतात.

मागणीपत्रात वस्तूचे नाव, संख्या, अंदाजित किंमत आणि हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील कोणत्या सदराखाली, टाकावयाचा हे लिहावे लागते. पण या सर्वांपेक्षा महत्त्वाचे असतात ते समर्थन आणि तांत्रिक विनिर्देश, ज्यांना स्पेसिफिकेशन असे सर्रास म्हटले जाते. ‘एक इलेक्ट्रॉनिक तराजू, उत्तम प्रतीचा’ एवढेच लिहिले तर वजनाची दोन दशांश स्थळे दाखवणारा तराजूही मागणी पूर्ण करतो, आणि तो स्वस्त असल्यामुळे त्याचीच निवड होते. मात्र परिमाणात्मक विश्लेषणाच्या प्रयोगांसाठी ग्रॅमचा दहाहजारावा भाग, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, वाचता येणारा तराजू लागतो. म्हणून विनिर्देशात वाचनक्षमता, कमाल क्षमता, वाऱ्याच्या झोतापासून बचाव करणारी काचेची पेटी, अंतर्गत अंशशोधनाची सोय, सोबत द्यावयाची प्रमाणित वजने, हमीचा कालावधी आणि त्यानंतरच्या वार्षिक देखभालीची अट या गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात. कोकणातील पावसाळ्यात हवेत भरपूर दमटपणा असतो आणि कोरडा पदार्थ तोलत असतानाच बाष्प शोषून जड होऊ लागतो, तसेच लाकडी टेबलाच्या सूक्ष्म कंपनांनी आकडा स्थिर राहत नाही. त्यामुळे तराजूसाठी भिंतीलगतचा दगडी ओटा, शोषकाची सोय आणि अखंड वीजपुरवठ्याचे साधन यांचा खर्चही त्याच मागणीपत्रात यावयास हवा, अन्यथा तराजू येतो आणि ओट्याच्या मंजुरीची वाट पाहत खोक्यातच राहतो.

विनिर्देश लिहिताना दुसरीही एक मर्यादा पाळावी लागते. एखाद्या कंपनीचे नाव न घेता तिच्याच माहितीपत्रकातील मोजमापे जशीच्या तशी उतरवली, तर इतर पुरवठादार आपोआप बाद होतात आणि स्पर्धा नावापुरती उरते. ज्या ठिकाणी खरोखरच एकच उत्पादक ती वस्तू बनवतो, तेथे तसे प्रमाणपत्र देऊन आणि कारणे नोंदवून एकाच पुरवठादाराकडून खरेदी करण्याची सोय नियमांत आहे. ती सोय उघडपणे वापरणे हे आडवाटेने स्पर्धा बंद करण्यापेक्षा केव्हाही अधिक प्रामाणिक होय.

हे लेखन प्रयोग शिकवणाऱ्या अध्यापकानेच करावे, कारण कोणता प्रयोग अडला आहे, एका तुकडीत किती विद्यार्थी एका तराजूपुढे थांबतात आणि कोणती अचूकता पुरेशी आहे हे त्यालाच माहीत असते. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ विभागांत हे काम प्रयोगशाळा साहाय्यकावर सोपवले जाते आणि जुन्या मागणीपत्रावरची तारीख बदलून ते पुढे पाठवले जाते. पुढच्या समित्यांना त्यातील उणीव सहसा दिसत नाही, कारण त्या कागदावर जे लिहिलेले आहे तेच तपासतात.

विभागप्रमुखाच्या सहीनंतर नस्ती लेखा शाखेकडे जाते आणि तेथे अंदाजपत्रकीय तरतूद शिल्लक आहे की नाही हे पाहिले जाते. १ मार्च २०१७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि ती वार्षिक अंदाजपत्रक तयार करून व्यवस्थापनाकडे शिफारस करते. म्हणजे जी मागणी त्या अंदाजपत्रकात आधी नोंदलेली नाही, तिच्यासाठी वर्षाच्या मध्यावर पैसा शोधावा लागतो. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांबाबत वित्त व लेखा अधिकारी आणि खरेदी समिती यांचा मार्ग असतो. तरतुदीनंतर येते ती प्रशासकीय मान्यता, म्हणजे ही वस्तू घेणे योग्य आहे असा सक्षम अधिकाऱ्याचा निर्णय. ती मिळाल्यावाचून मागवलेल्या वस्तूचे देयक पुढे लेखापरीक्षणात आक्षेपास पात्र ठरते.

रक्कम किती यावर खरेदीची पद्धत ठरते. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये मुळात २५,००० रुपयांपर्यंतची खरेदी दरपत्रकांशिवाय, त्यापुढे अडीच लाखांपर्यंतची तीन सदस्यांच्या स्थानिक खरेदी समितीमार्फत आणि त्यापुढील निविदा मागवून, अशी चढती रचना होती. त्या समितीच्या सदस्यांनी बाजारात चौकशी करून, वस्तूचा दर्जा, दर आणि पुरवठादाराची विश्वासार्हता यांबद्दल आपण एकत्रितपणे आणि व्यक्तिशः समाधानी आहोत, असे प्रमाणपत्र द्यावयाचे असते. ‘व्यक्तिशः’ या अटीमुळे दुसऱ्याने सही केली म्हणून आपण केली, हे उत्तर कोणालाच देता येत नाही. राज्य शासनाच्या अखत्यारीतील खरेदीसाठी उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची नियमपुस्तिका काढली असून तिच्यात पुढील शासन निर्णयांनी बदल होत आले आहेत. त्यामुळे एकाच विभागात महाविद्यालयाच्या निधीतून घ्यावयाच्या वस्तूला एक पद्धत आणि केंद्रीय संशोधन अनुदानातून घ्यावयाच्या वस्तूला दुसरी पद्धत लागू होऊ शकते, आणि निधी कोणता हे मागणीपत्रावर ठळकपणे लिहिलेले नसेल तर नस्ती निम्म्या वाटेवरून परत येते.

मर्यादा टाळण्यासाठी एका मागणीचे तुकडे करण्यास, म्हणजे चार तराजू एकदम न मागवता चार आठवड्यांत एकेक मागवण्यास, वरील वित्तीय नियमांतील नियम १५७ ने मनाई केली आहे. हा नियम कडक वाटला तरी आवश्यक आहे. मात्र मर्यादाच फार खाली ठेवल्या तर तुकडे पाडण्याचा मोह वाढतो हेही तितकेच खरे आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणे व संशोधनसाहित्यासाठी दरपत्रकांशिवायच्या खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर आणि खरेदी समितीची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर नेली, हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण तो केंद्रीय मंत्रालयांच्या अखत्यारीतील संशोधन आणि पदव्युत्तर शिक्षण संस्थांसाठी आहे, आणि राज्यातील पदवी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला त्याचा थेट लाभ नाही.

दरपत्रके आल्यावर तुलनात्मक तक्ता तयार होतो. त्यात आडव्या ओळींत विनिर्देशातील अटी आणि उभ्या रकान्यांत पुरवठादार मांडले जातात, आणि जे सर्व अटी पूर्ण करतात त्यांपैकीच न्यूनतम दराचा निवडला जातो. दरांत वस्तू व सेवा कर, वाहतूक आणि उभारणी धरली आहे की नाही हे समान पायावर न पाहिल्यास सर्वांत कमी दिसणारा दर शेवटी सर्वांत जास्त ठरू शकतो. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या नोंदणीकृत संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारी पाच टक्के कराची सवलत १८ जुलै २०२२ पासून काढून घेण्यात आली, त्यामुळे त्याआधीची जुनी मागणीपत्रे पाहून अंदाज बांधणाऱ्या विभागांचे हिशेब चुकू शकतात.

काही वस्तूंना पैशाची मंजुरीही पुरेशी नसते. शुद्ध अल्कोहोल विकत घेण्यासाठी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, आणि त्याची मुदत व मंजूर मात्रा पाहूनच मागणी करावी लागते.

वस्तू आल्यावर ती तपासून घेणारा, तिची नोंद करणारा आणि देयक अदा करणारा यांत शक्यतो एकच व्यक्ती असू नये, कारण मागणारा, मंजूर करणारा, स्वीकारणारा आणि पैसे देणारा हे वेगळे असणे हीच या सर्व रचनेची सुरक्षितता आहे. टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, आणि वापरात संपणारे साहित्य उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत चढते. नोंदीचे पान व अनुक्रमांक देयकाच्या मागे लिहिल्याखेरीज प्रमाणक पूर्ण होत नाही. वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष साठा आणि नोंदवही ताडून पाहण्याचा नियम आहे.

या नोंदवहीचा पुढच्या मागणीशी जो संबंध आहे तो फारसा लक्षात घेतला जात नाही. बंद पडलेला तराजू निर्लेखित होईपर्यंत, म्हणजे निरुपयोगी ठरवून नोंदवहीतून रीतसर कमी केला जाईपर्यंत, कागदोपत्री विभागाच्या ताब्यातच असतो, आणि नव्या मागणीपत्रावर ‘दोन तराजू असताना तिसरा कशासाठी’ असा शेरा पडणे स्वाभाविकच ठरते. म्हणून दुरुस्तीचा खर्च किती येईल हे उत्पादकाच्या लेखी अभिप्रायासह मांडणारा निर्लेखनाचा प्रस्ताव नव्या मागणीसोबत एकाच नस्तीत द्यावा. तसे केल्यास जुन्या वस्तूची जागा मोकळी होते, समर्थनाचा अर्धा भाग आपोआप लिहिला जातो, आणि जूनमध्ये प्रयोग सुरू होण्याआधी तराजू ओट्यावर यावा यासाठी एप्रिलमध्ये पाठवलेले मागणीपत्र शंका विचारण्यासाठी परत येण्याचे एक कारण तरी कमी होते.