आठवड्याचा बाजार व मुलांचे ताट
वर्गात पेंगणारे मूल आळशीच असते असे नाही. कित्येकदा त्याच्या रक्तात लोह कमी असते. अशा मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावेच; परंतु घरच्या स्वयंपाकाची आखणीही तितकीच महत्त्वाची होय. बाजारास निघण्यापूर्वी सात दिवसांचे जेवण ठरवावे. मेथी, माठ टिकत नाहीत. त्या भाज्या पहिल्या दोन दिवसांत कराव्यात. पुढील दिवसांसाठी मटकी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, नंतर नव्हे. पानात लिंबाची फोड असावी. तिच्यातील क जीवनसत्त्वामुळे भाजी-कडधान्यांतील लोह अंगी लागते. जेवणासोबतचा चहा मात्र त्यास अडथळा करतो. शिक्षकांनी एवढे पालकसभेत समजावून दिल्यास खर्च फारसा न वाढता मुलांचे ताट सुधारेल.