घाटाखालचा कवडसा

विहिरीत बादली पडली की घरातला आरसा आणायचा, काठावर उभे राहून उन्हात धरायचा आणि हळूहळू कलता करत कवडसा थेट तळाशी सोडायचा. अंधारातली बादली लख्ख दिसते. सूर्य जागचा हलत नाही, विहीरही हलत नाही. बदलतो तो फक्त आरशाचा कोन. मोबाइलच्या सहाव्या पिढीसाठी, म्हणजे 6जीसाठी, शास्त्रज्ञ रेडिओ लहरींचा असाच आरसा घडवत आहेत. त्याचे नाव रिकॉन्फिगरेबल इंटेलिजंट सरफेस, थोडक्यात आरआयएस.

त्याची गरज समजून घ्यायला रोहिणखेडला उभे राहावे. बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच आहेत. मोताळा तालुक्यातले हे गाव घाटाखालचे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. 1437 मध्ये बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिर खान फारुकीचा पराभव केला तो इथेच. ज्या डोंगराने सैन्यांच्या वाटा ठरवल्या, तोच आज रेडिओ लहरींची वाट अडवतो.

लहर जितकी आखूड, तितकी डोंगराची सावली गडद. 700 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 43 सेंटिमीटर लांब असते. ती कड्यावरून थोडी तरी खाली वळते. 5जीची 3300 मेगाहर्ट्झची लहर 9 सेंटिमीटरची, तर 26 गिगाहर्ट्झची जेमतेम एक सेंटिमीटरची. तिला भिंत आणि झाडाचा पालाही जड जातो. जास्त वेगासाठी मात्र अशाच आखूड लहरी हव्या असतात.

आरआयएस म्हणजे धातूच्या लहान लहान चकत्यांची सपाट पाटी. चकत्या साधारण अर्ध्या लहरीइतक्या अंतरावर बसवल्या, तर 3300 मेगाहर्ट्झसाठी एका चौरस मीटरमध्ये सुमारे 480 मावतात. प्रत्येकीला एक डायोड जोडलेला असतो. त्याचा विद्युतदाब बदलला की त्या चकतीवरून परतणारी लहर किंचित मागेपुढे होते. शेगावच्या पालखीतले टाळ आठवा. शेकडो टाळ एका ठेक्यावर पडले की नाद दूरवर जातो, ठेका चुकला की नुसता गोंगाट होतो. सगळ्या चकत्यांच्या लहरी फोनपाशी एका ठेक्यात पोहोचल्या, तर तिथे संकेत बळावतो. चकत्या दुप्पट केल्या तर मिळणारी शक्ती चौपट होते. फोन हलला की ठेका नव्याने लावायचा. पाटी जागची हलवावी लागत नाही.

रचनेच्या जोरावर लहरीला वळण लावण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर काम केले आणि 1898 मध्ये पीळ दिलेल्या तागाने लहरीच्या कंपनाची दिशा फिरते, हे दाखवले. जपानच्या एनटीटी डोकोमोने 2020 मध्ये 28 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या पारदर्शक पृष्ठाची चाचणी घेतली. युरोपच्या ईटीएसआय या मानक संस्थेने 2021 मध्ये या विषयासाठी स्वतंत्र गट नेमला. भारतानेही मार्च 2023 मध्ये आपला 6जी आराखडा जाहीर केला.

मात्र आरसा ऊन निर्माण करत नाही. टॉवर ते पाटी आणि पाटी ते फोन अशा दोन्ही टप्प्यांतली गळती एकमेकींना गुणली जाते. म्हणून पाटी मोठी हवी आणि ती टॉवरजवळ किंवा वापरणाऱ्याजवळ हवी. अधेमधे कुठेतरी लावून भागत नाही. शिवाय पाटीला टॉवर आणि गाव, दोन्ही दिसायला हवेत. जिथे टॉवरच नाही, तिथे आधी टॉवर आणि फायबर लागतेच.

जिथे टॉवर आहे पण मध्ये टेकाड येते, तिथे मात्र थोड्या विजेवर चालणारी अशी पाटी खरोखर उपयोगाची ठरेल. म्हणून तिच्या चाचण्या शहरातल्या काचेच्या इमारतींपुरत्या ठेवू नयेत. रोहिणखेडसारख्या घाटाखालच्या गावांतही घ्याव्यात. आरसा विहिरीच्या काठावरच धरावा लागतो.