भगिनींनो, हे दुखणे अंगावर काढू नका

साकोलीच्या आसपास रोवणा सुरू झाला की बाया सकाळपासून बांधीत वाकलेल्या असतात. संध्याकाळी सगळ्यांचीच कंबर धरते. पण काही भगिनींची मान आणि खांदे रोवणा नसतानाही दुखतात. छातीचे जास्त वजन हे त्याचे कारण असू शकते. ही गोष्ट त्या आईलाही सांगत नाहीत, मग डॉक्टरांना कुठून सांगणार? म्हणून आज आम्ही या विषयावर उघडपणे लिहीत आहोत.

स्तन प्रमाणाबाहेर वाढणे यात बाईचा काहीही दोष नसतो. आनुवंशिकता, वयात येताना किंवा गरोदरपणी शरीरात होणारे बदल आणि वाढलेले वजन ही त्याची कारणे आहेत. त्यामुळे मान, खांदे, पाठ दुखते. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खोल वण पडतात. उन्हाळ्यात स्तनांखाली घाम साचून चट्टे उठतात. मुले हसतात म्हणून एखादी मुलगी खेळ सोडते आणि पुढे शाळाही टाळू लागते. शिकणारी पोर अशी घरी बसणे हे आम्हाला दुखण्याहून मोठे नुकसान वाटते.

आधी साधे उपाय करावेत. योग्य मापाची, रुंद पट्ट्यांची ब्रा वापरावी. वजन जास्त असल्यास कमी करावे. पाठीचे व्यायाम शिकून घ्यावेत. चट्ट्यांची जागा कोरडी ठेवून डॉक्टरांनी दिलेले मलम लावावे. एवढे करूनही त्रास राहिला, तर शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. तिला साधारण दोन ते चार तास लागतात. जास्तीची ग्रंथी, चरबी व त्वचा काढून स्तनाग्र वर घेतात. स्तनाग्राचा रक्तपुरवठा शक्यतो तोडत नाहीत. वाढ बेताची असेल तर स्तनाग्राभोवती आणि तेथून खाली सरळ छेद देतात. वाढ फार असेल तर स्तनाखालीही आडवा छेद घ्यावा लागतो. या नांगराच्या आकाराच्या छेदाची आखणी अमेरिकेचे डॉ. रॉबर्ट वाईज यांनी १९५६ साली मांडली, ती आजही वापरतात. स्तनात चरबीच जास्त असेल, तर काहींना नळीने चरबी ओढून घेण्याचा उपाय पुरतो. त्यात व्रण लहान राहतो, पण ओघळलेला स्तन वर येत नाही.

दुसरी बाजूही समजून घ्यावी. व्रण कायम राहतात. रक्तस्राव, जखम चिघळणे, स्तनाग्राची संवेदना कमी होणे, दोन्ही बाजू थोड्या लहानमोठ्या राहणे असे होऊ शकते. पुढे बाळाला पाजताना दूध कमी पडू शकते, म्हणून मूल हवे असणाऱ्यांनी डॉक्टरांशी आधीच बोलावे. मुलीची वाढ थांबेपर्यंत सहसा थांबतात. तंबाखू, खर्रा खाणाऱ्यांची जखम भरायला वेळ लागतो, तेव्हा काही आठवडे आधीच तो सोडावा. नंतर चार ते सहा आठवडे जड ओझे उचलता येत नाही. घागर, सरपण, रोवणा हे सर्व बंद! म्हणून शेतीचे हंगाम पाहूनच तारीख ठरवावी.

स्तनात गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आले किंवा एकच बाजू अचानक वाढली, तर वाट न पाहता तपासून घ्यावे. तो विषय निराळा आहे.

सुरुवात साकोलीच्या उपजिल्हा रुग्णालयातून करता येते. तेथून चिठ्ठी घेऊन सुमारे १०० किलोमीटरवरच्या नागपूरला जावे. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या 'मेडिकल'मध्ये, प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. खर्च किती आणि तो सरकारी योजनेत बसतो का, हे आधीच विचारून घ्यावे. छेद कोणता देणार, व्रण कुठे राहणार, किती दिवस कामावर जाता येणार नाही, हेही विचारावे. विचारण्यात लाज कसली?

शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्या भगिनीनेच ठरवावे. घरच्यांनी हसू नये, घाईही करू नये. धन्याने एक दिवसाची मजुरी बुडवून तिच्यासोबत दवाखान्यात जावे, एवढीच आमची विनंती आहे.