पवित्र मराठीत बोलला, तुम्ही ऐकलात का?

मित्र पुन्हा एक्सला मेसेज टाकतोय. तुम्ही शांतपणे म्हणता, ‘कॅनन इव्हेंट आहे भावा, आपण मध्ये पडायचं नाही.’ हे आलं कुठून, माहितीय ना? ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या सिक्वेलमधून. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या वाट्याला काही दुःखं ठरलेलीच, ती टाळली तर त्याचं अख्खं विश्व कोसळतं, असा तिथला नियम. पिक्चरने तो गंभीरपणे मांडला, आपण त्याचे रील्स केले.

गंमत म्हणजे हा नियम मोडतो तो मुंबातनमध्ये. मुंबई अधिक मॅनहॅटन! तिथला स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर हा 2004च्या एका भारतीय कॉमिकमधून आलेला. ‘चाय टी’ म्हणणाऱ्या पाहुण्याला तो जो झापतो, त्याला तोड नाही.

1 जून 2023 ला, अमेरिकेच्या एक दिवस आधी, हा सिनेमा भारतात 10 भाषांत आला. त्यात मराठीही होती. पण चर्चा झाली ती शुभमन गिलची. त्याने हिंदी आणि पंजाबीत पवित्रला आवाज दिला होता, आणि नुकत्याच संपलेल्या आयपीएलमध्ये 890 धावा कुटल्या होत्या. मराठी व्हर्जनचं काय? माझ्या वर्गात निम्म्यांना ते होतं हेच माहीत नव्हतं. उरलेल्यांचं उत्तर एकच, ‘मराठीत? कसंतरी वाटतं राव.’

का वाटतं? मुंबातनचा लूक ज्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतला, ती आपल्याकडे मराठीतही निघायची. त्यात फँटमचं नाव होतं वेताळ. काकांना विचारून बघा, त्यांना त्यात काही कसंतरी वाटलं नव्हतं. स्वतः कॅमेरा बनवून सिनेमा काढणाऱ्या बाबूराव पेंटरांचं हे गाव. इथं तरी मराठी सुपरहिरोला लाजायचं कारण नाही. माझी तक्रार उलटीच आहे. डबिंगची मराठी पुस्तकी असेल, तर पोरं पळणारच. पवित्र रंकाळ्यावर उतरून ‘काय विषय?’ म्हणाला असता, तर थिएटर डोक्यावर घेतलं असतं की!

आपला स्वतःचा प्रयत्नही झालाय. 2015 मध्ये निखिल महाजनने श्रेयस तळपदेला घेऊन ‘बाजी’ काढला. त्याचा दुसरा भाग काही आला नाही.

स्पायडर-व्हर्सचं मात्र जोरात चाललं. पहिल्या भागाने जगभरात 38 कोटी डॉलरच्या आसपास कमावले, दुसऱ्याने 69 कोटींच्या. शेवट अर्धवट सोडला म्हणून शिव्याही खाल्ल्या. तिसरा भाग मार्च 2024 ला यायचा होता, तो लांबतच गेला. येईल तेव्हा बुकिंग ॲपवर भाषेच्या यादीत मराठी दिसते का, ते बघा. दिसली तर एक शो तिचा.

तोवर माळ्यावर जुने इंद्रजाल सापडले, तर रद्दीत घालू नका. मला कळवा, वाचायला हवेत.